चिऱ्याच्या अंगणातून आर्किटेक्चरकडे

पत्र: "मी गुहागर तालुक्यात राहते, बारावी सायन्सला आहे. बाबा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या बांधकामाची कामं घेतात. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराच्या मुख्यालयाचा फोटो पाहिला, जुन्या इमारतीच्या डोक्यावर जहाजासारखी काचेची नवी इमारत! मला तसंच काम करायचंय. बाबा म्हणतात, 'सिव्हिल घे, जुन्याच्या नादी लागून पोट भरत नाही.' काय करू?"

उत्तर: बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. आपल्याकडे जुनी कौलारू कचेरी पाडून स्लॅब टाकणाऱ्याला काम लवकर मिळतं, हे खरंच आहे. जुन्या इमारतींच्या जतनाच्या कामात सुरुवातीची काही वर्षं पैसा बेताचाच असतो.

पण ते जहाज तिथे का चढलं, ते बघ. बंदराच्या सुमारे ५०० कर्मचाऱ्यांना एका छपराखाली आणायचं होतं. जागेवरचं जुनं अग्निशमन केंद्र संरक्षित, ते राखायचं ही अटच होती. प्रसिद्ध आर्किटेक्ट झाहा हदीद यांच्या कार्यालयाने जतन-तज्ज्ञांबरोबर आधी त्याचा इतिहास तपासला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. चारही दर्शनी बाजू सारख्याच तोलाच्या, त्यामुळे शेजारी काही बांधलं तर एक तरी झाकली जाणार. शिवाय मूळ आराखड्यात एक मनोरा होता, तो कधी उभाच राहिला नाही. म्हणून नवा भाग वर गेला आणि मधल्या चौकावर काचेचं छत आलं. २०१६ मध्ये ते खुलं झालं. झाहा त्याच वर्षी मार्चमध्ये वारल्या. (मला स्वतःला ते जहाज जरा दांडगंच वाटतं. पण ते वर का गेलं, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.)

हे शिकायचं तर पाच वर्षांचं बी.आर्क. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच, आणि नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर दे. पुढे जतन विषयात एम.आर्क. करता येतं, दिल्लीच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) मध्ये आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तो विषय आहे. सिव्हिल घेतलंस तरी वाट बंद होत नाही, तो वरचा भार पेलायचं गणित इंजिनिअरच करतात. पण तुझ्या पत्रात गणितापेक्षा 'कसं दिसेल, कसं जगेल' हेच जास्त आहे, म्हणून मी आर्किटेक्चरच म्हणेन.

आणि तुझ्या घरातच अर्धी शाळा आहे. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. चुन्याने भरलेल्या सांध्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडते, वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते. आपल्या पावसात हे भिंतीला कसं भोवतं, ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलंय. शहरातल्या मुलांना हे पुस्तकातून उमजायला वर्षं लागतात.

परीक्षा झाली की गावातलं एखादं जुनं चौसोपी घर मालकाला विचारून मोजून काढ. प्लॅन, एक छेद (घर उभं कापलं तर दिसेल तसं चित्र), खांबांची मापं, आणि ओल कुठून कुठवर चढलीय तेही कागदावर. टेपचं दुसरं टोक धरायला बाबांनाच ने.