साहेबांचा आदेश तोंडी, सही मात्र तुमची

प्रश्न : तीन वर्षं विमा पॉलिसी विकतोय. रोज सकाळी नऊच्या कॉलवर मॅनेजर आकडे वाचून सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. टार्गेट झालं नाही म्हणून दोन महिने अर्धाच पगार दिला. आता म्हणतात, 'वैयक्तिक कारण लिहून राजीनामा दे, नाहीतर काढून टाकतो.' 'दुसऱ्या कंपनीत जाऊन दाखव' अशी धमकीही देतात. रुजू होताना सही केलेला कोरा चेक घेतला होता. शिवाय दरवर्षी हप्ता असलेली पॉलिसी 'एकदाच भरायचे' सांगून विकायला लावतात. काय करू?

उत्तर : सगळ्यात धोक्याची गोष्ट तुम्ही 'शिवाय' म्हणून शेवटी लिहिलीत. प्रपोजल फॉर्मवर विक्रेता म्हणून सही तुमची आहे. विक्रीची खात्री करायला येणाऱ्या व्हेरिफिकेशन कॉलला 'सगळ्याला हो म्हणा' असं ग्राहकाला पढवणारेही तुम्हीच. पुढच्या वर्षी हप्त्याची आठवण आली की तो आधी तुमचं नाव घेणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार झालीच, तर 'साहेबांनी सांगितलं' एवढ्यावर सुटका होत नाही. तेव्हा हा प्रकार आजच थांबवा. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हेही अलीकडच्या ग्राहकांना सांगून टाका.

असे मॅनेजर सगळं फोनवर बोलतात, लेखी काही ठेवत नाहीत. मग ते तुम्ही लेखी करा. कॉल संपला की त्यांच्या ऑफिसच्या मेलवर दोन ओळी टाका, एचआरला प्रत ठेवून : 'आज सकाळी आपण ही पॉलिसी एकदाच पैसे भरायची म्हणून विकायला सांगितलंत. कागदावर हप्ता वार्षिक आहे. मी ग्राहकांना तसंच सांगेन.' ना आरोप, ना राग. उत्तर आलं नाही तरी मेल कामाचा. मात्र पुरावा म्हणून ग्राहकांच्या याद्या घरी नेऊ नका, त्याने उलट तुम्हीच अडकाल.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पगारातून काय कापता येतं ते ठरवून दिलंय आणि 'टार्गेट झालं नाही' हे कारण त्यात नाही. इन्सेंटिव्हचं वेगळं. ते कमिशनच्या स्वरूपाचं असेल तर वेतनात धरत नाहीत, योजनेच्या अटी पाहाव्या लागतात. म्हणून नियुक्तीपत्रात ठरलेला पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती, ते आधी तपासा. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तुमचा हुद्दा 'एक्झिक्युटिव्ह' असला तरी त्याला आडकाठी नाही.

राजीनामा त्यांच्या शब्दांत लिहू नका. एकदा 'वैयक्तिक कारण' लिहून दिलंत की दबाव होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. जायचंच असेल तर तुमच्या तारखेने, नोटीस पिरियड धरून, आणि थकलेल्या पगाराचा उल्लेख करून लिहा. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायला हवा, असं वेतन संहिता सांगते.

कोऱ्या चेकची भीती रास्त आहे. सही तुमची असली की तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं. ते खोडायचं काम तुमचं. म्हणून चेकचा नंबर शोधा आणि आजच लेखी कळवा की तो रुजू होताना मागून घेतला होता, माझं काही देणं नाही, परत करावा. तरीही तो वटायला टाकला आणि न वटल्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवसांची मुदत असते. ती ड्रॉवरमध्ये टाकून बसू नका, वकिलाकडून उत्तर द्या.

ओरडण्याबद्दल खरं सांगते : नुसत्या आरडाओरड्यावर बोट ठेवता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. जातीवरून शिवीगाळ किंवा लैंगिक छळ असेल तर गोष्ट निराळी. तसं काही असेल तर मला पुन्हा लिहा.

आणि हो, 'दुसऱ्या कंपनीत जाऊन दाखव' या धमकीने झोप घालवू नका. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नियुक्तीपत्राची प्रत, दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मात्र ऑफिसचा लॉगिन बंद व्हायच्या आधी काढून ठेवा.