छंद दहा, कार्यक्रम एक

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. व्हिडिओ गेम, बोर्ड गेम, कॉमिक्स, अंतराळविज्ञान, सगळ्यातच मला रस आहे. मैत्रिणींना यातलं काही समजावून सांगताना त्या हसतात, प्रश्न विचारतात आणि ‘तू चॅनल काढ’ म्हणतात. मला लाइव्ह स्ट्रीमिंग करायचं आहे आणि त्यातून चांगल्या कामांसाठी निधीही उभा करायचा आहे. बाबा म्हणतात, आधी एक काहीतरी धर. खरंच एकच विषय निवडावा लागेल का? सुरुवात कशी करू? पुढे शिक्षण कशात घेऊ?

उत्तर : तुझ्या बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काहीतरी एक धरावं लागतंच. पण कार्यक्रमाचा साचा एक ठेवलास, तर विषय बदलते राहिले तरी चालतात. नव्या चॅनलवर येणारा प्रेक्षक बहुतेक वेळा गेमचं नाव शोधत येतो. पुढच्या आठवड्यात तू दुसरा गेम लावलास की तो निघून जातो, कारण तुझी त्याची ओळखच झालेली नसते. एकाच वारी, एकाच वेळी, त्याच घडणीचा कार्यक्रम दिसत राहिला तर हळूहळू तो तुझ्यासाठी येऊ लागतो.

समज, सत्र दोन तासांचं आहे. पहिला सव्वा तास गेम. मग अर्धा तास त्या गेममधली एक गोष्ट खरी किती, हे उलगडायचं. शेवटची पंधरा मिनिटं प्रेक्षकांचे प्रश्न. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या रॉकेट उडवायच्या गेममध्ये कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं असतं. नवखा खेळाडू नाक त्या यानाकडे करतो आणि इंजिन सुरू करतो. वेग वाढतो, कक्षा उंचावते, एका फेरीला जास्त वेळ लागतो आणि तो उलट मागेच पडत जातो. गाठायचं तर आधी वेग कमी करावा लागतो. मग कक्षा खाली येते, फेरी लवकर पूर्ण होते आणि अंतर घटतं. जून १९६५मध्ये ‘जेमिनी ४’मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण उभी राहिली. इंधन फार खर्च होऊ लागल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. गेममधली फजिती, तिचं कारण आणि इतिहासातला तोच पेच, एवढ्यावर अर्धा तास भरतो. पुढच्या आठवड्यात बोर्ड गेम असेल तर दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या ३६ पैकी ६ शक्यता असतात आणि २ येण्याची एकच, इथून सुरुवात कर. साचा तोच राहतो आणि तुझे सगळे छंद त्यात मावतात.

यातलं सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे खेळता खेळता बोलणं. हात आणि डोळे गेममध्ये गुंतले की माणूस गप्प होतो, आणि नेमका त्याच वेळी आलेला प्रेक्षक निघून जातो. प्रसारण सुरू करण्याआधी अर्ध्या अर्ध्या तासाची आठ-दहा रेकॉर्डिंग कर आणि ती स्वतः ऐक. दहा सेकंदांपेक्षा लांब शांतता कुठे आली ते टिपून ठेव. बहुतेक वेळा ती निर्णयाच्या क्षणी येते. तिथे ‘हा दरवाजा उघडला तर गोळ्या संपतील, खिडकीतून गेले तर तो मला बघेल’ असं मनातलं मोठ्यानं बोलायची सवय लाव. समोर कोणी प्रेक्षक नसला तरी बोलत राहायचं, कारण पहिला माणूस येईल तेव्हा त्याला चालू गप्पांमध्येच शिरता यायला हवं. बोर्ड गेमचे नियम सांगताना क्रम ठेव : जिंकायचं कसं, एका पाळीत काय करता येतं, खेळ कधी संपतो, आणि अपवाद अगदी शेवटी. बहुतेक जण अपवादांपासून सुरू करतात आणि ऐकणारा गोंधळतो.

साधनांवर खर्च करायचाच तर आधी माइक, मग दिवा, कॅमेरा सर्वांत शेवटी. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात. आवाज कर्कश असला तर लगेच बंद करतात. डायनॅमिक माइक (आसपासचा आवाज कमी पकडणारा) तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेव, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना निघणारा हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. माइक लांब ठेवून गेन, म्हणजे माइकची संवेदनशीलता, वाढवलास तर पंखा, कीबोर्ड आणि खोलीतला घुमारा सगळंच वाढतं. प्रसारणासाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात बोलताना आवाजाचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू दे. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. फिल्टरचा क्रम नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कमी करणारा), कंप्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा), लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) असा ठेव. कंप्रेसर आधी लावलास तर पंख्याची घरघर बोलण्याच्या जवळपास येते आणि मग ती काढताना तुझा आवाजही खरवडला जातो. कंप्रेसर ४:१, थ्रेशोल्ड (दाबणं जिथून सुरू होतं ती पातळी) उणे १८ आणि लिमिटर उणे ३ इथून सुरुवात कर आणि कानाला पटेल तसं बदल. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) माइक, संगणक आणि ओबीएस तिन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ हवा. नाहीतर आवाज तडतडतो किंवा चित्रापासून हळूहळू सरकतो.

चित्रासाठी ७२०पी, सेकंदाला ६० फ्रेम आणि ४५०० केबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला पाठवली जाणारी माहिती) इथून सुरू कर. १०८०पी ६० फ्रेमला ६००० तरी लागतात. इंटरनेटचा अपलोड वेग बिटरेटच्या दुप्पट तरी असावा, आणि जोडणी शक्यतो वायफायऐवजी केबलनं घे. कीफ्रेम (अधूनमधून जाणारं पूर्ण चित्र) अंतर २ सेकंद.

स्ट्रीम अडखळायला लागली की नवखे लोक घाबरून सगळ्याच सेटिंग बदलतात, आणि तिथून घोळ वाढतो. ओबीएसमधली ‘स्टॅट्स’ची खिडकी आधी उघड. तिथे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि तिघांची दुखणी वेगळी आहेत. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वाढत असतील तर दोष इंटरनेटचा आहे, बिटरेट कमी कर. एन्कोडिंग (चित्र पाठवण्यासाठी आकुंचित करणं) मागे पडून फ्रेम सुटत असतील तर प्रोसेसरवर भार आहे; प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ ऐवजी ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर निवड. रेंडरिंगमध्ये फ्रेम चुकत असतील तर गेमनंच ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापलं आहे आणि ओबीएसला दृश्य जुळवायला जागा उरलेली नाही. अशा वेळी गेमचा फ्रेम रेट ६० वर बांध. या तिसऱ्या प्रकारात इंटरनेट बदलून काही फरक पडत नाही, तरी बहुतेकांचा पहिला राग इंटरनेटवरच निघतो.

रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेव. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर पूर्ण फाइल निकामी होऊ शकते. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग वाचतो आणि ओबीएसमध्येच नंतर एमपी४ करता येतो. माइक आणि गेमचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर घे. नवे प्रेक्षक मुख्यतः छोट्या क्लिपमधूनच येतात, आणि क्लिप कापताना गेमच्या गोळीबारात तुझं वाक्य बुडलं असेल तर एकत्र ट्रॅकमधून ते वर काढता येत नाही. पार्श्वसंगीत स्ट्रीमवर वाजवायची परवानगी असलेलंच वापर. गेममध्ये ‘स्ट्रीमर मोड’ असेल तर सुरू कर. फक्त गेमपुरता परवाना घेतलेली गाणी त्यात बहुधा बंद होतात.

आता सामाजिक कामाचं. तुझ्या पत्रात निधी उभारणं आहे, पण त्याआधी करण्यासारखी एक गोष्ट गेमच्या आतच आहे, ती म्हणजे सुलभता, अपंग खेळाडूंनाही गेम खेळता येणं. प्रत्येक नवा गेम सुरू करताना पहिली दहा मिनिटं सेटिंग दाखव. सबटायटलचा आकार वाढतो का? बटणं बदलता येतात का? सतत दाबून धरायच्या बटणाला एकदाच दाबायचा पर्याय आहे का? शत्रू आणि मित्र फक्त लाल-हिरव्या रंगानं ओळखायचे आहेत, की आकाराचाही फरक आहे? २०१८मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन मोठी पॅड आहेत आणि मागे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक. पाय, कोपर, हनुवटी, ज्या अवयवाला हालचाल जमते त्याच्यापाशी स्विच लावून खेळता यावं, यासाठी ते आहेत. पण बटणांची मांडणीच बदलू न देणारा गेम असला तर खेळाडूची अडचण शिल्लकच राहते. हे सातत्यानं दाखवणारा मनोरंजनकार मला फार मोलाचा वाटतो, आणि हे ज्ञान पुढे नोकरीतही उपयोगी पडतं.

निधीसाठी आधी इतरांची रचना अभ्यास. ‘डेझर्ट बस’ हा मुद्दाम कंटाळवाणा केलेला गेम आहे. टूसॉन ते लास व्हेगस, ताशी ४५ मैल, सुमारे आठ तास, बस सतत एका बाजूला ओढली जाते आणि पोचल्यावर मिळतो एक गुण. कॅनडातला लोडिंगरेडीरन हा विनोदी चमू २००७पासून तो ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी खेळतो. देणग्यांनी खेळाचे तास विकत घेतले जातात. पुढच्या प्रत्येक तासाची किंमत आधीच्या तासापेक्षा ७ टक्के जास्त असते, म्हणजे साधारण दर दहा तासांनी ती दुप्पट होते. त्यामुळे सुरुवातीला छोटी देणगीही वेळ वाढवते आणि शेवटी सगळ्यांना मिळून जोर लावावा लागतो. २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘गेम्स डन क्विक’ या, गेम कमीत कमी वेळात संपवायच्या निधी-कार्यक्रमात देणगीदार निर्णय विकत घेतात. ‘सुपर मेट्रॉइड’च्या शेवटी ग्रहाचा स्फोट होण्याआधी प्राण्यांना सोडवायचं तर काही सेकंद जातात, विक्रमासाठी धावणाऱ्या खेळाडूला ते परवडत नाहीत. वाचवायचं की सोडून द्यायचं, यावर दोन्ही बाजूंनी देणग्यांची चुरस लागते. खर्च काही सेकंदांचा असतो, पण त्यात प्रत्येक देणगीदाराचं मत असतं. तुझे टप्पे असेच छोटे आणि त्याच जागी पूर्ण करता येणारे ठेव. ‘अमुक रक्कम झाली तर टी-शर्ट पाठवीन’ अशा आश्वासनांत निधीपेक्षा टपालाचाच खर्च वाढतो.

पैसा तुझ्या किंवा घरच्यांच्या खात्यातून जाता कामा नये. इथे माझं मत कडक आहे. देणगी थेट संस्थेकडे पोचवणारीच सोय वापर. संस्थेची नोंदणी आणि वार्षिक अहवाल स्वतः वाच, नाव आणि बोधचिन्ह वापरायची लेखी परवानगी घे, व्यवहार शुल्क किती कापलं जातं ते आधी सांग, आणि कार्यक्रम संपल्यावर अंतिम आकडा संस्थेच्या पोचपावतीसह जाहीर कर. ‘देतो’ म्हणालेली रक्कम एकूण बेरजेत धरू नकोस. २४ तास जागरणही नको. गेमिंगमधून मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी उभारणारा ‘एक्स्ट्रा लाइफ’ २४ तासांसाठी ओळखला जातो, पण तिथेही ते तास वेगवेगळ्या दिवशी विभागून खेळता येतात. पहिल्या खेपेला चार तास खूप झाले.

चॅटसाठी विश्वासातल्या दोघी मॉडरेटर (चॅटवर लक्ष ठेवणाऱ्या) पहिल्या दिवसापासून हव्यात. नियम पाच ओळींचे, नको असलेल्या शब्दांची यादी आधीच भरलेली. त्रास देणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊ नकोस, उत्तरही देऊ नकोस; त्याला तेच हवं असतं. मॉडरेटरनं शांतपणे काढून टाकावं. कॅमेऱ्यात खिडकी, गणवेश, ओळखपत्र, पार्सलवरचा पत्ता दिसू देऊ नकोस. चॅनलसाठी वेगळा ईमेल ठेव, अॅपवरून द्विस्तरीय पडताळणी लाव आणि स्क्रीनवरची नोटिफिकेशन बंद कर. यूट्यूबवर स्वतः लाइव्ह जायला जुलै २०२५पासून किमान वय १६ आहे, त्यात तू बसतेस. तरीही कोणताही करार पालकांच्या सहीशिवाय करू नकोस. प्रायोजक असला तर ते स्पष्ट सांगावं लागतं, आणि जुगाराच्या वळणाचा प्रायोजक कितीही देत असला तरी नाही म्हण.

उत्पन्नावर आत्ता काही बेतू नकोस. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं ही एक अट आहे, आणि ती पूर्ण झाल्यावरही सुरुवातीची रक्कम लहानच असते. म्हणून शिक्षण असं घे की चॅनल चाललं नाही तरी त्यातलं कौशल्य विकलं जाईल. समजावून सांगण्याचा ओढा जास्त असेल तर भौतिकशास्त्राची पदवी आणि पुढे विज्ञान संवाद. कार्यक्रम रचण्यात रमत असशील तर माध्यम निर्मिती, विशेषतः ध्वनी आणि संकलन. गेमची आतली रचना खुणावत असेल तर संगणकशास्त्र किंवा इंटरॅक्शन डिझाइन (माणूस यंत्र कसं वापरतो त्याची रचना), ज्यातून सुलभता चाचणीकडे वळता येतं. कम्युनिटी मॅनेजर, ई-स्पोर्ट्स समालोचक, स्वयंसेवी संस्थांमधला डिजिटल निधीसंकलक ही कामंही याच कौशल्यांवर चालतात. तुझ्या पत्रावरून मला पहिला पर्याय सर्वांत जवळचा वाटतो, कारण मैत्रिणी प्रश्न विचारतात हे तू आवर्जून लिहिलं आहेस.

बाबांपुढे बारा आठवड्यांचा आराखडा ठेव. पहिले चार आठवडे फक्त रेकॉर्डिंग. पुढचे आठ आठवडे आठवड्यातून एकदा दोन तास लाइव्ह आणि क्लिप कापायला तीन तास, त्याहून जास्त नाही. सदस्यसंख्येपेक्षा दोन गोष्टी नोंदव : परत आलेले प्रेक्षक किती, आणि क्लिप पहिल्या तीस सेकंदांत किती जण सोडतात. तीस सेकंदांतच बरेच जण जात असतील तर तू विषयावर येण्याआधी स्वागत आणि प्रस्तावना लांबवते आहेस, ती काप. बाराव्या आठवड्यात या नोंदी त्यांना दाखव. परीक्षेआधीचे दोन महिने लाइव्ह बंद, आणि बंद करताना परतण्याची तारीखही जाहीर कर.