साज धुताना

प्रश्न : आजीचा कोल्हापुरी साज रिठ्याच्या उकळत्या पाण्यात धुतला. आता एक जावमणी (जवाच्या दाण्यासारखा मणी) खुळखुळतो, पानांच्या (मण्यांमधल्या पदकांच्या) कडेला तपकिरी ओघळ दिसतात. सोनं खराब झालं का?

उत्तर : सोनं ठीक आहे, आतली लाख पाघळली! साजाची पानं आणि मणी पातळ पत्र्याचे, पोकळ. लाखेच्या भरावावरच ती उभी असतात. लाख 80 अंशांच्या आतच वितळते. खुळखुळणारा मणी बोटाने दाबू नका, पोचा येईल. साज करणाऱ्या सोनाराकडूनच लाख पुन्हा भरून घ्या. पुढे कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा, भिजत ठेवू नका. आणि हो, मोडीला देताना लाखेचं वजन वजा होतं. तेव्हा निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर लिहून घ्या.