वाचकांचे प्रश्न : थीम पार्क आणि किनाऱ्याची वाट एकाच सुट्टीत

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने आठवडाभर फिरण्याचा आमचा विचार आहे. ७ आणि १२ वर्षांच्या मुलांना खोपोलीजवळचे इमॅजिका पाहायचे आहे, तर आम्हा नवराबायकोला कोकणच्या किनाऱ्याने सावकाश प्रवास करायचा आहे. सोबत सासूबाई असतील आणि त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. हे सगळे एका प्रवासात जमेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जमेल, मात्र त्यासाठी क्रम नीट ठरवावा लागेल. बहुतेक कुटुंबे किनारा बघत बघत वर जातात आणि पार्क शेवटी ठेवतात. मी आपल्याला नेमके उलट सुचवीन. जाताना राष्ट्रीय महामार्ग ६६ने सरळ जावे, पार्क आधी उरकावे आणि मग परतीच्या वाटेवर किनाऱ्याला लागावे. पार्कचे तिकीट ठरावीक तारखेचे असते. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र कधी फेरीबोटीची रांग लागते, तर कधी एखाद्या गावी आणखी एक रात्र राहावेसे वाटते. पुढे तारीख ठरलेली असली की ही मोकळीक उरत नाही आणि सगळी घाई गाडी चालवणाऱ्याच्या माथी येते. शिवाय पार्कची वाट पाहणाऱ्या मुलांचे लक्ष वाटेतल्या समुद्राकडे लागत नाही.

प्रवास मेच्या पहिल्या पंधरवड्यातच करावा, असा माझा आग्रह आहे. पाऊस आपल्याकडे एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो खरा, पण २०२५ साली तो केरळात २४ मे रोजीच दाखल झाला होता. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद होतात. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येत-जात असल्याने शनिवार-रविवारी महामार्गावर फार गर्दी असते. म्हणून सोमवारी पहाटे निघावे. पहिला मुक्काम चिपळूणला करावा. हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना एका दिवसात याहून जास्त प्रवास करू नये. दुसऱ्या दिवशी नागोठण्याच्या अलीकडे वाकण फाट्यावरून पालीकडे वळावे. पाली-खोपोली रस्त्यावरच इमॅजिका आहे, त्यामुळे पनवेलपर्यंत जाऊन द्रुतगती मार्गाने मागे येण्याची गरज नाही.

पार्कचा दिवस बुधवारचा धरावा आणि दार उघडण्याच्या वेळी तिथे हजर असावे. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे आणि मे महिन्यात तिथला उन्हाळा आपल्या किनाऱ्यापेक्षा कडक असतो. म्हणून उघड्यावरच्या राइड सकाळी आणि ऊन उतरल्यावर घ्याव्यात, तर दुपारी ‘आय फॉर इंडिया’सारख्या बंदिस्त दालनांत बसावे. मुलांची उंची घरूनच मोजून न्यावी. मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरवर सात वर्षांच्या मुलाला सहसा घेत नाहीत. रांगेत तासभर उभे राहिल्यानंतर हे कळले, तर त्या वयात ते फार लागते. आपल्यापैकी एकाने मोठ्यासोबत आणि एकाने धाकट्यासोबत राहावे, हे आधीच ठरवून टाकावे. शेजारच्या वॉटर पार्कला वेगळे तिकीट पडते आणि दोन्ही एका दिवसात करू नयेत. मुलांना पाण्याचीच ओढ असेल, तर थीम पार्क सोडून तेच निवडावे.

सासूबाईंना दिवसभर पार्कमध्ये फिरवू नये. सर्वांचा मुक्काम पालीला ठेवावा. तिथे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. मात्र त्यांना एकटे वाटू नये यासाठी नात्यातले आणखी कोणी सोबत येत असेल तर अवश्य घ्यावे. संकष्टीचा दिवस मात्र टाळावा.

आता परतीचा प्रवास, आणि खरे सुख याच भागात आहे. चिपळूणहून गुहागरला उतरावे, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला यावे आणि गाडीसकट फेरीबोटीत चढून जयगडला उतरावे. खाडीला वळसा घालण्याचे श्रम वाचतात. शिवाय फेरीबोट आपल्याला नवी नसली, तरी या खाडीचे रूप आपल्या मांडवीपेक्षा अगदी वेगळे आहे. पुढे गणपतीपुळे आणि तिथून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. गणपतीपुळ्याच्या समुद्रात मुलांना उतरू देऊ नये. तिथे पाण्याला ओढ आहे आणि पूर्वी अनेक जण बुडाले आहेत. दुसरा टप्पा रत्नागिरी ते मालवण असा ठेवावा आणि वाटेत विजयदुर्ग किंवा कुणकेश्वर यांपैकी एकच ठिकाण घ्यावे. सगळे पाहू गेल्यास काहीच पाहून होत नाही. सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवरायांनी १६६४ साली सुरू केले आणि राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे. पण होडीतली चढउतार सासूबाईंना जड जाईल, तेव्हा मालवणात त्यांच्यासोबत कोणीतरी थांबावे. शेवटच्या दिवशी वेंगुर्ले, रेडी करत तेरेखोलला यावे आणि केरीच्या फेरीबोटीने नदी ओलांडावी. फेरीबोट चुकली, तर आरोंदा-किरणपाणीचा पूल आहेच. किनारी रस्त्यावर पेट्रोल पंप विरळ आहेत, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. डोंगरउतार बरेच असल्याने निघण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावेत.

प्रश्न : आमच्याकडे तीनच दिवस आहेत. दक्षिणेकडे जाऊन किनारा आणि पार्क दोन्ही होईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पार्कचा हट्ट सोडावा. बिडदीचे वंडरला हे मनोरंजन पार्क बेंगळुरूच्याही पलीकडे, म्हैसूर रस्त्यावर आहे आणि तीन दिवसांत तिथे जाऊन येणे म्हणजे सारा वेळ गाडीतच घालवणे होय. त्याऐवजी कारवार, गोकर्ण आणि मुरुडेश्वर असा प्रवास करावा. मुरुडेश्वरला ३७ मीटर उंचीची शिवमूर्ती आहे आणि वीस मजली राजगोपुरात लिफ्ट असल्याने वयस्कांनाही वरून समुद्र पाहता येतो. वेळ उरल्यास मरवंतेपर्यंत जावे. तिथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. हा पट्टा सकाळी लवकर गाठावा, कारण दुपारच्या उन्हात तिथे गाडीतून उतरवत नाही.