गच्चीवरच्या मिसळीची तयारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. पावभाजी, पनीर टिक्का, पास्ता, दोन प्रकारची कटलेट्स, गुलाबजाम, वर केक, आणि शेवटी "मावशी, काही राहिलं का?" राहिलंय ना! तुझ्या पाथर्डी फाट्याच्या घरात दोन बर्नरची एकच शेगडी आहे आणि माणसं 18 येणार आहेत, एवढंच यादीत लिहायचं राहिलंय. त्या यादीप्रमाणे गेलास तर रात्री अकराला तू तव्यापुढे घामाघूम उभा असशील, वर गच्चीत सगळे हसत असतील, आणि मधूनच कुणीतरी खाली येऊन "मदत करू का?" विचारून एक कटलेट उचलून परत जाईल.

पदार्थांची यादी फाडून टाक आणि घड्याळाची कर. सातला लोक यायला लागतील तेव्हा हातात काय द्यायचं, साडेआठला पोटात काय जाणार, दहानंतर काय उरणार, एवढे तीनच प्रश्न. प्रत्येक वेळेपुढे एकच गोष्ट लिही, आणि ती गोष्ट त्या वेळी तुला शेगडीपाशी उभं करत असेल तर ती खोड. गरम काम दिवसभरात एकच ठेवायचं. मी फराळाच्या ऑर्डरी घेते, चकलीच्या दिवशी अनारशांची कढई चढवत नाही. दोन्हींना तेलाची आच वेगळी लागते आणि माणसाचं डोकं एकच असतं.

आता कोणतं काम गरम ठेवायचं? तू भाऊबीजेनंतरचा शनिवार धरला आहेस. पुण्या-मुंबईहून आलेले मित्र रविवारी परतणार, म्हणून तो दिवस बरोबर आहे. पण विचार कर, ती मुलं तोवर काय खाऊन आलेली असतील? वसुबारसेपासून लाडू, करंज्या, शंकरपाळे, त्यावर पाडव्याचं श्रीखंड, भाऊबीजेला बहिणीकडची बासुंदी. त्यांच्यापुढे तू गुलाबजाम ठेवणार? त्या दिवशी माणसाला एकच गोष्ट हवी असते, झणझणीत काहीतरी. आणि नाशिकमध्ये झणझणीत म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही. मिसळ कर. काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, दही, पापड. पापड विसरू नकोस. बाहेरगावचे लोक त्यावरून आपली चेष्टा करतात आणि मग आपल्याच ताटातला मोडून खातात.

मिसळीचं मोठं सुख असं की नव्वद टक्के काम आदल्या दिवशी उरकतं. मटकी 18 जणांना किलोभर पुरे, माणशी 50 ग्रॅम कोरडी धर. ती बुधवारी रात्री भिजत घाल. गुरुवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध आणि डब्यात घालून शेगडीजवळ ठेव. कार्तिकात आपल्याकडे रात्री गार पडायला लागतात, मोड यायला उन्हाळ्यापेक्षा वेळ लागतो, म्हणून एक दिवस हातचा ठेवायचा. शुक्रवारी मोड हवे तेवढे आले की फ्रिजमध्ये टाक, तिथे ते थांबतात. शिजवताना कुकर लावू नकोस. उघड्या पातेल्यात हळद, मीठ, हिंग घालून शिजव आणि दाणा बोटात दाबून बघत राहा. दबला पाहिजे, पिठासारखा व्हायला नको. मिसळीत मटकी दिसली पाहिजे.

कट, म्हणजे हा रस्सा, शुक्रवारी रात्री. कांदा उभा चिरून कमी तेलात तपकिरी होईपर्यंत भाज, आणि इथे घाई केलीस तर पुढचं सगळं वाया. किलोभर कांद्याला अर्धा तास जातो, तेवढा जाऊ दे. सुकं खोबरं वेगळं भाज, ते कांद्याबरोबर टाकलंस तर कांदा व्हायच्या आत करपतं. लसूण, आलं घालून दोन्ही बारीक वाट. वाटण तेलात परतत राहा. कडेने तेल सुटलं की काळा मसाला, मग पाणी. पाणी उकळतं घालायचं. गार पाणी घातलं की तर्री, म्हणजे वरचं लाल तेल, वर यायला कुरकुरते. रस्सा माणशी पाव लिटरच्या वर धर, सहा लिटर करच. मिसळीच्या दुकानात बसलेला नाशिककर रस्सा दुसऱ्यांदा मागतोच, तुझ्या घरी तिसऱ्यांदा मागेल. रात्रभर मुरलेला रस्सा ताज्यापेक्षा चांगला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिखट रश्श्यात कमीच ठेव आणि तर्री वेगळी कर. छोट्या कढईत तेल चांगलं तापवायचं, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग तिखटाची पूड सोडायची. धूर निघत असताना टाकलीस तर काळी पडते आणि सगळी बिल्डिंग खोकते. ही तर्री वाटीत चमचा घालून मधे ठेव. ज्याला घाम काढायचाय त्यानं काढावा. मुंबईत राहून तिखटाची सवय गेलेला एक जण प्रत्येक कंपूत असतो, तो कबूल करत नाही. त्याला न बोलता वाचवायची ही सोय आहे.

कांदा बाजारात आता दोन तऱ्हेचा असेल. चाळीतला उन्हाळी आणि नुकताच येऊ लागलेला लाल. रश्श्याला उन्हाळी घे, तो कोरडा असतो, चांगला भाजला जातो. वरून घालायला लाल चालेल, पण तो अंगचा पाणीदार, दुपारी चिरून ठेवलास तर रात्री पाणी सुटून उग्र वास मारतो. लोक बसायच्या आधी चिर, किंवा खरं सांगायचं तर पहिल्या आलेल्या दोघांच्या हातात सुरी दे. पाहुण्याला काम सांगू नये हे शास्त्र नातेवाइकांसाठी आहे. मित्र कांदा चिरायला लागले की त्यांची जीभ सुटते. लासलगाव आपल्या जिल्ह्यात असूनही कांदा महाग का, यावर तुमची अर्धी संध्याकाळ जाईल.

फरसाण मात्र विकत आणू नकोस. इथेच तर खरी गंमत आहे. सगळ्यांना सांग, येताना घरचा चिवडा, शेव आणि तुटक्या चकल्या आण. दिवाळीनंतर प्रत्येकाच्या डब्यात तळाशी हेच उरलेलं असतं आणि आया ते कुणीतरी न्यावं म्हणून वाट बघत असतात. चिवडे एकत्र ओतू नकोस, वेगवेगळ्या वाडग्यांत ठेव. एकाच्या घरचा पातळ पोह्यांचा, साखरेची पिठी लावलेला, गोडसर. दुसऱ्याकडचा भाजक्या पोह्यांचा, लसूण आणि सुक्या खोबऱ्याच्या जाड कापांचा. हा घास घेतला की कळतं, घर खानदेशाकडचं आहे. तिसऱ्याच्या आईला तब्येतीमुळे तळण नको असतं, तिचा मक्याच्या पोह्यांचा भाजलेला. आणि एक जण हमखास वेळ नव्हता म्हणून कोंडाजीचा विकत आणेल. त्याला हसू नका, नाशिकचा तळलेल्या कांद्याचा चिवडा घरी तसा जमत नाही. साडेआठपर्यंत हेच खाणं पुरे. सात ते साडेआठ तुला काहीच करायचं नाही, हेच मला साधायचं होतं. कुणाचा चिवडा कसा, कुणाची आजी त्यात काय घालायची, या बोलण्याला यजमान लागत नाही. मऊ पडलेल्या चकल्या मंद आचेवर कोरड्या कढईत हलवून घेतल्या की परत कुरकुरीत होतात, आणि त्या हाताने चुरून मिसळीवर घातल्या की फरसाण फिकं वाटतं.

तुमच्या ग्रुपवर मेनूवरून आठ दिवस चर्चा चाललीय, "एकदाचं ठरवून टाकतो," असं तू वैतागून लिहिलंयस. ठरवू नकोस, चालू दे. खाण्याआधीचं खाण्याबद्दलचं बोलणं फुकटचं सुख आहे. फक्त त्या गलक्यातून तुला हवी ती माहिती काढून घे. कोण काय खात नाही, हे पहिलं. कार्तिकी एकादशी व्हायची आहे, तोवर चातुर्मास, म्हणजे कुणीतरी कांदा-लसूण सोडलेलं असू शकतं, आणि तरुण मुलं हे आपणहून सांगत नाहीत, नुसता पाव दह्याबरोबर खातात. एखादा जैन मित्र असेल तर त्याला आलंही चालणार नाही आणि कदाचित मोड आलेली मटकीही, तेव्हा सरळ फोन करून विचार. त्यांच्यासाठी टोमॅटो, भाजलेले तीळ आणि खोबऱ्याचा वेगळा लहान रस्सा कर, वेगळ्या पळीसह. पळी एकच ठेवलीस तर वेगळं पातेलं केल्याचा काही उपयोग नाही. आणि दुसरं, कोण कशानं परत जाणार आहे. हे आता पुढच्या मुद्द्यासाठी.

तू लिहिलंस, "मावशी, ड्रिंक्सचं तुला विचारू की नको?" विचार की. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून मी कानावर हात ठेवले तर ते ढोंग होईल. गंगापूर धरणाकडच्या मळ्यांतली सुलाची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली, म्हणजे ती जवळजवळ तुमच्याच वयाची. ठेवायची असेल तर तीच ठेव. कडक दारू नको, आणि हे मी संस्कारांमुळे म्हणत नाहीये. महाराष्ट्रात तिला वयाची अट 25 ची आहे, परवाना लागतो, आणि तुमच्यातल्या निम्म्यांचं वय बसत नाही. तुझ्या भाड्याच्या घरात काही झालं तर घरमालक तुलाच विचारणार. शिवाय मिसळीबरोबर ती लागते तरी काय? घसा आधीच पेटलेला असतो.

वाईनमध्येही लाल घेऊ नकोस. लाल वाईनचा तुरटपणा तिखटाला आणखी चढवतो. शेनिन ब्लांक पांढरी असते, त्यातली थोडी गोडसर घे आणि चांगली गार कर. तिची गोडी तिखट झेलते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, त्यावरून घेणाऱ्यांची डोकी मोज आणि तेवढंच आण. उरेल म्हणून आणलेली बाटली कधी उरत नाही. गाडी चालवणाऱ्यांना अजिबात नाही. कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण एका ग्लासात आपण कुठे पोहोचलो हे कुणालाच कळत नाही, आणि रात्री फाट्यावर ट्रक कसे येतात हे तू रोज बघतोस. ज्यांना राहायचंय त्यांच्यासाठी गाद्या आणि पांघरुणं आधीच मोजून ठेव.

न पिणाऱ्यांना मात्र बाटलीबंद कोला देऊन मोकळा होऊ नकोस. इकडे गार काचेचा ग्लास आणि तिकडे प्लास्टिकचा पेला असं केलंस की त्यांना आपण उरलेल्यांत मोडतो असं वाटतं. मठ्ठा कर. ताक, आलं, कोथिंबीर, थोडी साखर, ठेचलेली मिरची, मातीच्या माठात. मिसळीचा खरा जोडीदार तोच आहे, आणि बघशील, वाईनवालेही शेवटी त्याच्याकडेच वळतील. दहानंतर गच्चीवर गारवा चढला की गवती चहाचं आधण ठेव. ते मात्र शेगडीचं काम, पण तेव्हा स्वयंपाकघरात गर्दी तुझ्याभोवतीच असेल.

गोड करू नकोस म्हटलं, तरी शेवटी तोंडात टाकायला काहीतरी लागतं. या दिवसांत पेरू छान मिळतात. भद्रकालीतून अर्धकच्चे बघून आण, फोडी करून मीठ-तिखट भुरभुर. संपला विषय.

गाण्यांचं तुमचं तुम्ही बघा, फक्त दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद. नियमही तोच आहे, आणि खालच्या मजल्यावरचे काका उद्याही तिथेच राहणार आहेत. दुपारी जाऊन त्यांना आधीच सांगून ये आणि येताना चिवड्याची वाटी दे. आकाशकंदील आहेत तेच राहू देत, वेगळी सजावट नको.

कागदी प्लेट आणू नकोस. रस्सा खालून पाझरतो, मग लोक ती दोन हातांत धरून उभे राहतात आणि पाव कशानं मोडायचा हे कळत नाही. खोलगट स्टीलच्या थाळ्या मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळतात. पाव बेकरीत गुरुवारीच सांगून ठेव, माणशी तीन. दिवाळीत बेकरीतले कामगार गावी गेलेले असतात, ऐन वेळी गेलास तर हात हलवत परत येशील. पाणी प्यायला 20 लिटरचा एक जार पुरेल.

सहा लिटर रश्श्याचं पातेलं तुझ्याकडे नसणार. माझं आहे, पितळेचं, कल्हई दसऱ्यालाच करून घेतलीय. गुरुवारी संध्याकाळी पंचवटीत ये आणि घेऊन जा, बरोबर कुणाला तरी आण, एकट्याला दुचाकीवर नेता येणार नाही. त्याचं झाकण नीट बसत नाही, वर परात ठेवावी लागते. काळा मसालाही बांधून ठेवते, 18 जणांना किती घालायचा ते पुडीवर लिहिलेलं असेल.

तुझी,
मावशी