मॉडेल रेल्वेसाठी एचओ स्केलमध्ये किर्लोस्करवाडी स्टेशनची छोटी इमारत करतोय. आतलं सामान खिडकीतून दिसावं यासाठी काय करू?

पहिलं म्हणजे छप्पर चिकटवू नका. जमीन वेगळ्या पुठ्ठ्यावर करून सामान तिच्यावर बसवा आणि खालून आत सरकवा. एलईडी गेला तरी भिंत फोडावी लागणार नाही. एचओ म्हणजे १:८७, त्यात स्टेशन मास्तरांचं अडीच फुटी टेबल जेमतेम ९ मिलिमीटर उंच येतं. म्हणून खिडकीलगतचंच नीट करा. मागच्या भिंतीला छापील फोटो खुशाल चालतो, सांगलीच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून काढा.

खरी मेख उजेडाची. भिंतींना आतून आधी काळा हात द्या, मग हवा तो रंग. नाहीतर पातळ भिंत आकाशकंदिलासारखी पेटते. एका वॉर्म व्हाइट एलईडीला १२ व्होल्ट डीसीवर १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. काचेसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) वापरा, पण सुपरग्लूने ती धुरकटते, फेविकॉलच बरा.