डायलिसिसचा पेशंट आणि तुझी नाइट

प्रिय मुली,

आयसीयूत डायलिसिसचा पेशंट घेतलास की मॉनिटरच्या वायरी लावतानाच त्याचे दोन्ही हात बघून घे. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागी, बोटं टेकव. सायलेंटवरचा मोबाइल थरथरावा तशी बारीक थरथर लागली पाहिजे. लागली की वेळ टाकून चार्टवर लिही, दर शिफ्टला. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) नाही. थरथर गेली तर सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस, तेव्हाच कळव. आत गुठळी झालेली असू शकते, आणि ती जुनी झाली की फिस्टुला वाचवणं अवघड होतं. दुसऱ्या हाताच्याही कोपराजवळच्या शिरा राखून ठेव, रक्त पंजाच्या पाठीवरून घे.

मानेतली डायलिसिसची नळी ही तुझी जादा आयव्ही लाइन नाही. तिच्या दोन्ही लुमेनमध्ये (आतल्या पोकळ्यांत) तीव्र हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवलेलं असतं. सवयीने सलाइनचा फ्लश मारलास तर ते सगळं पेशंटच्या रक्तात जातं.

आता पोटॅशियम. पावसात लोकल बंद पडल्या, डायलिसिसची पाळी चुकली, की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि असा माणूस ‘पायात ताकदच नाही’ म्हणत येतो. मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातली टी वेव्ह उंच आणि टोकदार दिसली, क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य उंचवटा) रुंद होऊ लागला, तर लॅबच्या रिपोर्टसाठी अडून बसू नकोस. बारा लीडचा ईसीजी काढ, आरएमओला (ड्यूटीवरच्या डॉक्टरला) बोलाव, एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पाठव. त्यातही पोटॅशियम कळतं. ऑर्डर मिळाली की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, मॉनिटरवर नजर ठेवून ५ ते १० मिनिटांत. याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला अर्धा-एक तास आधार मिळतो इतकंच. सोडा बायकार्ब त्याच लाइनमधून सोडू नकोस, साका धरतो.

मग पोटॅशियम उतरवायला १० युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. इथे व्हायल वाचूनच सिरिंज उचल. मिलीला ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपीची, १०० च्या व्हायलला नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो, आणि घाईच्या रात्री तीच होते. दुसरी चूक त्यानंतरची: टी वेव्ह बसली म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण किडनी काम करत नसल्याने इन्सुलिन अंगात रेंगाळतं आणि शुगर दोन-तीन तासांनी कोसळते. सहा तास दर तासाला बोट टोच, पेशंट गाढ झोपलेला दिसला तर हमखास.

इनटेक (अंगात गेलेलं पाणी) लिहिताना औषधांचं पाणी सुटतं. तीन वेळचं अँटिबायोटिक १०० मिलीत दिलंस की ३०० मिली तिथेच गेलं, वर फ्लश वेगळे. लघवी नावापुरती असणाऱ्याला दिवसाचं पाणीच जेमतेम ५०० मिलीच्या आसपास मिळतं, तेव्हा औषध कमी पाण्यात देता येईल का, हे डॉक्टरांना विचारत जा. रोजचं वजन त्याच काट्यावर.

नातेवाइकांना ‘बाहेरचं देऊ नका’ म्हणून भागत नाही. शहाळं त्यांना बाहेरचं वाटतच नाही. गेटवरून घेऊन मायेने येतात. नाव घेऊन सांग: शहाळं नाही, मोसंबीचा रस नाही, डब्यात ‘लो सोडियम’ मीठ नाही, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तोंड सुकतंय म्हणाला तर ओल्या गॉजने ओठ पुसायला द्यावेत. बर्फाचा खडा दिलास तर तोही चार्टवर लिही.

तुझी,
इन्चार्ज ताई